हिवरे फीडर, दुपारी दोन दहा

फ्यूज खांबावर लोंबकळतोय, खालूनच दिसतोय.
लाईन वाळपईहून बंद करून घेतलीय.
काठीनं फ्यूज वर ढकलायचा, ठक,
मग फोन करून म्हणायचं, सोडा.
पाच मिनिटांचं काम.
पण डीपीच्या आडव्या पट्टीला सुपाएवढं आग्या मोहोळ आहे
आणि मोहोळाशी कुणीतरी बसलंय.

घार, कुष्टा म्हणतो.
कुष्टा झर्मेकरला चोच वाकडी दिसली की घार.
मी दुर्बीण काढतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली.
डावं भिंग तडकलेलं,
त्यामुळे आजवरचा प्रत्येक पक्षी
मी उजव्या डोळ्यानंच ओळखलाय.

साधी घार नाही. तिची शेपटी दुभंगलेली,
हिची गोलसर.
सर्पगरुड म्हणावं तर डोळा आणि चोच यांच्या मधली
ती पिवळी उघडी कातडी कुठाय?
शिवाय तो ओरडल्याशिवाय राहत नाही,
बोंडं वेचणाऱ्या बायका मान वर न करता सांगतात,
गेला बघ.
ही गप्प. भुकेलं माणूस जेवताना असतं तशी.

मग मोरघार?
इथंच मी दोन वर्षं फसत आलोय.
रंग तोच, छातीवर तशाच रेघा.
वहीत तीनदा मोरघार लिहून खोडलंय,
आणि वर पुन्हा मोरघारच लिहिलंय.
पण मोरघारीला बोटांपर्यंत पिसांची विजार असते.
हिचे पाय उघडे, मेणानं बरबटलेले,
तरव्यातून नुकत्या वर आलेल्या बाईचे असावेत तसे.
डोकं कबुतराचं, अंगाच्या मानानं लहान.
आणि कपाळ.
कपाळावर ती हाडाची वळचण नाही,
जिच्यामुळे बाकीचे शिकारी
जन्मभर रागावलेले दिसतात.
हिच्या तोंडावर राग नाहीच.
पोस्टात रांगेत उभं राहिलेलं माणूस.

माशा तुटून पडतात.
ती डोळे मिटते, मान आखडते,
तोंडावरची पिसं खवल्यांसारखी घट्ट,
आणि पुन्हा पोळ्याचा तुकडा पायाखाली धरून
एकेक अळी उपसते.
मधाकडं फारसं लक्ष नाही.

मोहोळघार! मी मोठ्यानं म्हणतो.
"म्हळ्यार घारच न्हय?" कुष्टा.

फोन वाजतो. उगम माजिक.
पंप बंद, टाकी कोरडी, घरात बाळंतीण.
"किदें जालें रे?"
फॉल्ट सोदतां, मेळना, मी म्हणतो.
एकोणीस वर्षांच्या नोकरीत
खोटं बोललो नाही असं नाही.

गेल्या चैत्रात, घाटाच्या दुसऱ्या वळणावर,
खांबाखाली एक पडलेली होती.
पंख जळालेले, वास काजूच्या टरफलाचा.
तेव्हा वही नव्हती माझ्याकडं.
रजिस्टरात लिहिलं, कारण: पक्षी.
रकाना तेवढाच असतो.
डोळ्याचा रंगसुद्धा बघितला नाही.

हिचा पिवळा. मादी.

दोन एकावन्नला ती उठली.
पंख सपाट, टोकाला बोटं मोजली, सहा.
शेपटीवर दोन जाड पट्टे.
एक गिरकी डीपीवर, एक माजिकांच्या कुळागरावर,
मग चोर्ल्याच्या बाजूला
इतकी बारीक झाली
की भिंगातली तडक आणि ती
वेगळी करता येईना.

कुष्टानं गोणपाट पांघरलं, काठी उचलली. ठक.
सोडा, मी म्हटलं.
खाली कुणाचा तरी पंप घरघरला,
कुणाच्या तरी टीव्हीवर बातम्या मध्येच सुरू झाल्या.

माशांनी कुष्टाचा कान धरला होता.
परतताना जीपमध्ये तो कान
बोंडासारखा लाल, तुकतुकीत.
केरीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.
मी रजिस्टर मांडीवर घेऊन
त्याच रकान्याबाहेर, समासात,
बारीक अक्षरांत काहीतरी लिहीत होतो.

पुलाजवळ त्यानं गिअर बदलला.
"नांव किदें म्हळें तुवें तिचें?"